सांगणे आणि बोलणे

मी एकदा नापास झालेली मास्तरीण आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी दुसऱ्याकडून ऐकून माझ्याकडे चौकशीला आलं की माझं डोकं फिरतं. तीस वर्षं मी मराठी शिकवलं, दोन शाळांची मुख्याध्यापिका झाले. पण नॉर्मल स्कूलच्या अंतिम पाठात पहिल्या खेपेला माझी दांडी उडाली होती, आणि तीही मराठीतच.

नॉर्मल स्कूल म्हणजे मास्तर घडवायची सरकारी शाळा. बुलढाण्याला मी तिथे दोन वर्षं काढली. शेवटी बाहेरगावचे परीक्षक यायचे, वर्गात मागे खुर्ची टाकून बसायचे आणि आपण पस्तीस मिनिटं शिकवून दाखवायचं. हाच अंतिम पाठ. माझा पहिला पाठ तसा बरा झाला होता, फक्त मध्येच मी एका पोराला "तुले समजलं का?" असं विचारून बसले. परीक्षकांनी शेऱ्यात दोन शब्द लिहिले, "भाषा ग्रामीण", आणि मला घरी पाठवलं. पाठात दुसऱ्यांदा नापास झालेल्याचं नाव पटावरून कायमचं कमी व्हायचं. म्हणजे त्रेसष्ट सालच्या मार्चमधला पाठ ही माझी शेवटची संधी होती. पास झाले तर मास्तरीण, नाही तर आईबरोबर लोकांच्या शेतात निंदायला.

आमचं गाव रोहिणखेडच्या पलीकडे. नाव लिहीत नाही, कारण गावातली माणसं आता माझ्याशी नीट वागतात आणि मला त्यांची जुनी उणीदुणी काढायची नाहीत. माझ्या बापाचं नाव कचरू सुरडकर. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा त्याने पिढ्यान् पिढ्यांचं गावकीचं काम सोडलं, मजुरी धरली आणि मला शाळेत पुढे घातलं. आमच्या वस्तीतली सातवीपुढे गेलेली मी पहिलीच मुलगी. सगळी वस्ती माझ्याकडे डोळे लावून बसली होती, आणि मी "तुले" म्हटल्याबद्दल परत आले होते. त्या वर्षी मी घरात कोणाशी धड बोलले नाही.

पुढच्या वर्षी पाठासाठी मी पुन्हा बुलढाण्याला आले. पाठाचे विषय चिठ्ठ्या टाकून मिळत. आमच्या मराठीच्या बाई, वच्छलाबाई, पितळेचा डबा घेऊन आल्या. माझ्या मैत्रिणींना 'विशेषण' आलं, 'पत्रलेखन' आलं. माझ्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: 'सांगणे व बोलणे: अर्थातील फरक आणि वाक्यातील उपयोग'. चिठ्ठी वाचून मी कपाळावर हात मारला. चौथीच्या पोरांना हे काय शिकवायचं? दोन्ही तोंडानेच करायच्या गोष्टी!

वच्छलाबाई जन्माने मेहकरकडच्या, पण दोन वर्षं पुण्याला राहून आलेल्या. त्यांच्या वर्गात 'मले' निघालं की 'मला' पन्नास वेळा लिहून आणायचं. माझी एक अख्खी वही त्या 'मला'ने भरलेली आहे. बाई दुष्ट नव्हत्या, उलट मला जीव लावत. पोरगी हुशार आहे, फक्त जिभेने तिचा घात होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी माझं टाचण, म्हणजे पाठ कसा घ्यायचा त्याची लेखी आखणी, चार वेळा तपासलं. आधी तीन प्रास्ताविक प्रश्न, मग सात मुद्दे, मग सराव, मग गृहपाठ. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, तेही समासात लिहिलेलं. खाली बाईंची सही.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. आमच्याकडे अंतिम पाठाच्या आदल्या दिवशी त्याच वर्गाला तोच पाठ शिकवून ठेवायची रीत होती. सगळेच करत, बाईंनाही ठाऊक होतं, आणि आम्हाला शिकवायच्या सरावासाठी जोडून दिलेल्या सराव शाळेची पोरं त्यात चांगली मुरलेली होती. मीही करून घेतला. एकदा पोळलेली होते, म्हणून एकदा नाही, तीनदा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी नवे परीक्षक आले. वामनराव त्यांचं नाव, पन्नाशीचे, बंद गळ्याचा कोट. ते मागे बसले, शेजारी वच्छलाबाई बसल्या. मी खडू घेतला, पदर सावरला आणि पहिला प्रश्न सुरू केला, "मुलांनो, काल तुमच्या घरी..." एवढ्यात पहिल्या रांगेतला एक उत्साही मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, "सांगण्यासाठी निरोप लागतो, बाई!" ते तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर होतं. मी घाईने दुसरा प्रश्न काढला, तर दोघांनी मिळून त्याचं उत्तर दिलं आणि वर गृहपाठही सांगून टाकला. एक मुलगी तर मला म्हणाली, "बाई, इथे तुम्ही हसता."

वर्ग खिदळला. वामनरावांनी वही मिटली.

"हा पाठ या मुलांनी आधीच घेतलेला दिसतो," ते म्हणाले. "मी परीक्षा तुमची घ्यायची की त्यांची? उद्या अकरा वाजता देऊळघाटच्या शाळेत या. चौथीचा वर्ग, विषय हाच. तिथल्या मुलांनी तुम्हाला पाहिलेलं नसेल."

ते बाहेर पडले आणि पुण्याचं मराठी बोलणाऱ्या आमच्या वच्छलाबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "आता काय करावं वं माय!" मला त्या स्थितीतही हसू आलं आणि मग रडू आलं.

बाप त्या दिवशी माझा पाठ झाला की मला घेऊन जायला म्हणून बुलढाण्याला आला होता. संध्याकाळी आम्ही एस.टी. स्टँडसमोरच्या पारावर बसलो. त्याने भाकरी सोडली. मी नुसते तुकडे मोडत बसले.

"मी नापास होनार, बा," मी म्हटलं. "देऊळघाटचे पोट्टे तोंड उघडनार नाईत. अन उघडलं तं तेच बोलतीन जे मी बोलते. मंग माह्या तोंडून बी तेच निंगन. लिहीन तो सायेब, भाषा ग्रामीण."

"विषय काय हाय पन?"

मी सांगितला. सांगणे आणि बोलणे यांत फरक काय. बाप भाकरी चावता चावता इतका हसला की शेजारचा पानवाला वळून पाहू लागला.

"हे तुले शिकवा लागते? अवं, म्या तीस सालं सांगतलं. बोललो कोनाशी?"

मग त्याने मला जे ऐकवलं ते त्याने आधी कधी काढलं नव्हतं. गावात कोणी वारलं, लग्न ठरलं, पंचायत बसली, की दुसऱ्या गावच्या सोयऱ्यांना कळवायला त्यालाच धाडत. निघताना शब्द पाठ करून घेत, दोन वेळा म्हणायला लावत. तो दहा दहा कोस चालत जाई, सोयऱ्याच्या अंगणाबाहेर उभा राही आणि मोठ्याने निरोप सांगे. आतून कोणी तरी "बरं" म्हणे. तो परत फिरे.

"पाऊस असो, ऊन असो, कोनी इचारलं नाई का कचरू, तू ओला झाला का. मले नाव होतं हेच त्याइले मालूम नव्हतं. सांगतलं अन फिरलो. एकदाच बोललो म्या."

"कोनाशी?"

"एका गावाले तानुबाई नावाची म्हातारी होती, मायाळू. तिचा भाऊ मेल्याचं सांगाले गेलतो. सांगतलं. तं ते दारातच खाली बसली अन मले म्हने, बस रे बापू. शेवटी त्याच्यापाशी कोन होतं? पानी मांगतलं का त्यानं? म्या म्हनलं, म्या पाह्यलं नाई पन ऐकलं. मंग ते इचारे, म्या सांगे. म्या इचारलं, तुमी दोघंच भावंडं का? ते रडे अन सांगे. दिवस कलला आमचा तसा. परतीच्या वाटीनं मले लय हलकं वाटलं. दुसऱ्याचा भाऊ मेला, अन मले हलकं वाटलं, पाय!"

मला फार वाईट वाटलं. रागही आला, सगळ्या जगाचा. तीस वर्षं आणि एक म्हातारी! बाप मात्र हात धुऊन उठला आणि म्हणाला, "जेव. उद्या मी येतो संग."

देऊळघाट बुलढाण्यापासून दोन-अडीच कोसांवर. सकाळच्या एस.टी.ने आम्ही गेलो. बाप शाळेसमोरच्या निंबाखाली बसला. चौथीचा वर्ग लांबलचक, बसायला तरटाच्या पट्ट्या, तीस-पस्तीस पोरं. मागे दोन खुर्च्या, एकीवर वामनराव, दुसरीवर वच्छलाबाई. बाईंनी मला डोळ्यांनीच बजावलं: टाचण सोडू नको.

मी टाचणाप्रमाणे सुरू केलं. "मुलांनो, काल तुमच्या घरी कोणी कोणाला काही सांगितले का?"

कोणी हललं नाही. मी दुसरा प्रश्न विचारला. पोरं माझ्या इस्त्रीच्या लुगड्याकडे पाहत राहिली. तिसरा प्रश्न मी माझा मलाच विचारला आणि उत्तरही मीच दिलं. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. माझा आवाज त्या लांब खोलीत फिरून माझ्याकडेच येत होता. घड्याळात बारा मिनिटं गेली होती. मागे वामनरावांनी जांभई दाबली, ती मला दिसली.

आणि त्या जांभईने मला असा राग आला म्हणता! त्यांचा नाही, माझाच. मी बारा मिनिटं तेच करत होते जे माझ्या बापाने तीस वर्षं केलं. पाठ केलेले शब्द घेऊन आले होते आणि अंगणाबाहेर उभी राहून ओरडत होते. फक्त त्याचा नाइलाज होता आणि माझा नव्हता.

मी टाचण टेबलावर पालथं घातलं.

"काऊन बे," दुसऱ्या पट्टीवरच्या एका गोल तोंडाच्या पोराला मी म्हटलं, "सकाळपासून मूग गिळून बसले का सारे? नाव काय तुहं?"

वर्गात एकदम खसखस पिकली. वच्छलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"सहदेव," तो म्हणाला.

"सहदेव, तिकडं खिडकीपाशी लाल रिबिनीची कोन हाय?"

"शालू."

"जाय, तिले सांग का तुह्या मायनं घरी लवकर बलावलं."

तो गेला, शालूपुढे उभा राहिला, सांगितलं आणि परत येऊन बसला.

"झालं?"

"झालं."

"शालूनं काय म्हनलं?"

"तिले काय म्हनाचं रायते? म्या सांगतलं, झालं."

"बरं. आता जाय अन तिच्याशी बोल."

सहदेव गोंधळला. "काय बोलू?"

"तुह्या मनानं."

तो पुन्हा गेला. डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तुमची बकरी व्याली का?"

"तुले काऊन पाह्यजे?" शालू.

"आमच्या वावरात शिरली होती म्हनून."

"आमची नाई शिरली, ते तुमच्याच काकाची होती!"

आणि मग काय विचारता. शालूच्या बाजूने चौघी उठल्या, सहदेवच्या बाजूने पाच जण, बकरीचा रंग काय, शिंग मोडकं कोणाचं, सगळा वर्ग जागा झाला. मी मुद्दाम थांबवलं नाही. चांगलं रंगात आल्यावर टेबलावर डस्टर आपटलं आणि विचारलं, "हे काय झालं?"

"भांडन!" सगळे.

"भांडाले काय लागते?"

"दुसरा लागते!" एक जण ओरडला. "एकट्यानं कसं भांडाचं?"

"अन सांगाले?"

मग शालूच उठली. "सांगाले निरोप लागते, बाई. निरोप असला का झालं. समोरचा मुका असला तरी चालते."

मी आनंदाने फळ्याकडे वळले. मी दोन वाक्यं लिहिली. 'सहदेवने शालूला निरोप सांगितला.' 'सहदेव शालूशी बोलला.'

"घरी आपन शालूले म्हनतो, पुस्तकात शालूला लिहितात. दोन्ही आपलेच. आता या दोन वाक्यांत काय काय वेगळं हाय ते धुंडा."

त्यांनी ज्या तऱ्हेने ते शोधलं ते मी आजवर विसरलेले नाही. एकाला सापडलं की वरच्या वाक्यात सहदेवला 'ने' लागला, खालच्यात तो मोकळा आहे. दुसरीला दिसलं की वर शालूला 'ला' आहे आणि खाली 'शी'. मी म्हटलं, निरोप पुसून गोष्ट लिहा. 'सहदेवने शालूला गोष्ट सांगितली.' आता सहदेव पुसून शालू लिहा. 'शालूने सहदेवला गोष्ट सांगितली.' सहदेव ओरडला, "अरे, मानूस बदललं तरी सांगितली तशीच राह्यली! ते निरोपाचं अन गोष्टीचं ऐकते, मानसाचं ऐकतच नाई!" मग खालचं वाक्य घेतलं. सहदेव बोलला, शालू बोलली, पोरं बोलली. "इथं मानसाचं ऐकते," शालू म्हणाली. हे व्याकरण मला कोणी एका ओळीत शिकवलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

मग एका कोपऱ्यातल्या पोरीने मला खिंडीत गाठलं. "बाई, माही आजी एकटीच बोलते, घरात कोनी नसलं तरी. तिच्यासमोर तं दुसरा नसते."

टाचणात याचं उत्तर नव्हतंच. मी खरं तेच म्हटलं, "मले नाई सांगता येत. तुले काय वाटते?"

तिने विचार केला. "आज्याशी बोलते ते. तो मेला पन ते त्याच्याशी बोलते."

मग मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगितली, जो तीस वर्षं गावोगाव निरोप सांगत फिरला आणि ज्याच्याशी एकदाच एक म्हातारी बोलली. तो माझा बाप आहे आणि बाहेर निंबाखाली बसला आहे, हेही सांगितलं. परीक्षकासमोर आपल्या जातीची वाट दाखवणारं काही उघडं करू नये, असं मैत्रिणींनी मला बजावलं होतं. मी केलं. माझ्या बापाची मला लाज नव्हती, आणि त्या दिवशी तर मला त्याचा गर्व वाटत होता. पोरं खिडकीतून वाकून वाकून त्याला बघू लागली. घंटा झाली.

आता वामनराव उठले. सगळी पोरं उभी राहिली. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मुलांनो, मन लावून अभ्यास करावा. स्वच्छ राहावे. आईवडिलांची आज्ञा पाळावी. समजले?"

शालूचा हात वर गेला.

"काय ग?"

"साहेब, हे सांगनं झालं."

संपलं, वाटलं. वच्छलाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. त्या शाळेच्या हेडमास्तरांनी दारातून शालूकडे डोळे वटारले. वामनराव मात्र त्या पोरीकडे वळले.

"मग बोलायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"आमाले बी काही इचारा नं."

ते विचारात पडले. खरंच पडले, मी पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला चौथीच्या पोरांना काय विचारावं ते सुचत नव्हतं. शेवटी म्हणाले, "ती बकरी... व्याली का मग?"

"हाव!" शालू म्हणाली. "दोन पिल्लं झाली. तुमच्या घरी हायेत का बकऱ्या? तुमी कोन्या गावचे?"

"मलकापूरकडचा मी," वामनराव म्हणाले. आणि मग, कसे कोण जाणे, कोट सावरत ते तरटाच्या पट्टीवर खाली बसले. "आमच्या घरी म्हशी होत्या. एक तं अशी मारकी होती, मले दोनदा लाथ मारली तिनं. हे पाय." त्यांनी चक्क धोतर वर करून नडगीवरची खूण दाखवली. पंधरा मिनिटं तो माणूस उठला नाही. पोरं त्यांच्या अंगावर पडत होती. पुढच्या तासाची घंटा झाली तरी हेडमास्तरांची आत यायची छाती झाली नाही.

नंतर हेडमास्तरांच्या खोलीत मला बोलावलं. वामनराव पुन्हा परीक्षक झाले होते. समोर माझं टाचण.

"सात मुद्द्यांपैकी तुम्ही दोन घेतले," ते म्हणाले. "प्रास्ताविक प्रश्न फसले. बारा मिनिटं वाया. भाषा तर तुम्ही वर्गात कोणती वापरली ते मी ऐकलंच. नियमाने याला काय म्हणायचं?"

मुकाट ऐकून घ्यायला हवं होतं. पण माझा स्वभाव आड आला. "साहेब, टाचणातला पाठ काल सराव शाळेच्या पोरांनी घेतला, तुम्हीच म्हणालात. आज मी घेतला. मला नापास करायचं तर आजच्यासाठी करा, कालच्यासाठी नको."

"आणि तुमचं काय म्हणणं?" त्यांनी वच्छलाबाईंना विचारलं. "टाचणावर सही तुमची आहे."

बाई उठून उभ्या राहिल्या. नोकरीत त्यांना वामनरावांचाच शेरा लागायचा, हे मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "सही माझी आहे, म्हणून जबाबदारी माझी. टाचण चुकलं होतं. तिने ते सोडलं, ते बरोबर केलं. मी असते तर माझ्याने सुटलं नसतं." बाईंना मी दोन वर्षांत किती शिव्या मनातल्या मनात दिल्या होत्या! त्या क्षणी त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

वामनरावांनी लेखणी उघडली. "निकाल महिन्याभराने टपालाने जाईल. आज मला काही सांगता येत नाही." मग कागदावरून मान वर न करता म्हणाले, "जूनमध्ये कोणत्या गावची शाळा आवडेल तुम्हाला?"

नापास होणाऱ्याला कोणी शाळा विचारत नाही. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मी माझ्या गावाचं नाव घेतलं.

"स्वतःचंच गाव?" त्यांनी वर पाहिलं. "तुमची गोष्ट ऐकली मी मघाशी. तिथे त्रास होईल, बाई. दुसरं घ्या."

"मले तेच पाह्यजे, साहेब."

त्यांनी ते लिहून घेतलं, आणि वच्छलाबाईंनी वळून खिडकीबाहेर बघत डोळ्यांना पदर लावला.

मी बाहेर पळत आले. मास्तरणीने पळू नये हे मला त्या वेळी आठवलं नाही. बाप उठून उभा राहिला.

"काय म्हने सायेब?"

"कोनती शाळा पाह्यजे म्हने!"

त्याला क्षणभर कळलं नाही, मग कळलं, आणि तो तिथेच निंबाच्या बुडाला टेकला. "अन तू काय म्हनलं?"

"आपल्या गावची."

"रुख्मे, त्या शाळेच्या पायरीवर म्या कदी पाय नाई ठेवला."

"मंग जूनमदी ठेव. मी शिकवत असन तवा ये. मास्तरनीचा बाप म्हनून खुर्चीवर बसजो."

बापाने डोळे पुसले, पागोटं काढून झटकलं, पुन्हा बांधलं. स्टँडकडे चार पावलं चालला आणि थांबला.

"खुर्चीवर बसाचं असन," तो गंभीरपणे म्हणाला, "तं धोतर नवं लागन."